ऋण मूळ ठेवायचे की सोडायचे: लॉगच्या समीकरणांतील एका गोंधळाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर शहरातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या अकरावी विज्ञान शाखेतील आहे. महाविद्यालय, शिक्षक आणि विद्यार्थी यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. समीकरणे आणि त्यांवरील चर्चा मात्र तपशिलाने दिली आहे, कारण प्रकरणाचे मर्म त्या तपशिलातच आहे.

तुकडीत शहरातल्या मुलांइतकीच राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतून आलेली मुले होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि बाहेरगावचे अनेक विद्यार्थी आजही वसतिगृहात राहूनच अकरावी-बारावी करतात. ज्या विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेवरून हा सारा विचार सुरू झाला, ती त्यांपैकीच एक. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बीजगणितात उत्तम गुण, अवयव पाडण्यात वर्गातील कोणाहूनही जलद. लॉगशी, म्हणजे पायाचा कितवा घात घेतल्यास दिलेली संख्या मिळते हे सांगणाऱ्या संख्येशी, तिची आणि बहुतेक तुकडीची पहिली गाठ अकरावीतच पडली. व्याख्या, मग लॉगचे नियम, मग समीकरणे या नेहमीच्या क्रमाने शिक्षिकेने हा भाग शिकवला होता आणि घातांक ही लहानपणापासून परिचयाची गोष्ट असल्यामुळे मुलांनाही तो अवघड वाटला नव्हता.

अडचण

घटक चाचणीत शिक्षिकेने एकाच प्रश्नाचे दोन उपप्रश्न शेजारीशेजारी ठेवले होते. दोन्हींत लॉगचा पाया २ होता.

(अ) लॉग(क्ष² − २क्ष) = ३
(आ) लॉग क्ष + लॉग(क्ष − २) = ३

दोन्ही समीकरणे सोडवताना क्ष² − २क्ष − ८ = ० हे एकच वर्गसमीकरण मिळते आणि त्याची मुळे ४ आणि −२ येतात. उत्तरे मात्र एकसारखी नाहीत. (अ) मध्ये क्ष = −२ ठेवल्यास कंसात ४ + ४ = ८ येतात आणि २ पायाला ८ चा लॉग ३ असल्यामुळे −२ हे मूळ पूर्णपणे ग्राह्य ठरते. (आ) मध्ये तीच किंमत ठेवल्यास लॉग(−२) लिहावे लागते, जे वास्तव संख्यांत अस्तित्वातच नाही. म्हणून तेथे फक्त ४ उरतात.

या विद्यार्थिनीने दोन्ही ठिकाणी केवळ ४ हे उत्तर लिहिले. दोन्ही ठिकाणी −२ भोवती गोल केला होता आणि शेजारी ‘ऋण, म्हणून अग्राह्य’ अशी नोंद होती. तिला (आ) मध्ये पूर्ण गुण मिळाले आणि (अ) मध्ये एक मूळ गेल्यामुळे गुण कापले गेले. वर्गात उत्तरपत्रिका परत दिल्यावर तिने तक्रार केली नाही, पण एकाच कारणाने सोडलेले मूळ एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक कसे, हे तिने विचारले. तिच्या शब्दांत: ‘वजा आलं की मी सोडतो, मॅडम. लॉगला वजा चालत नाही न्हवं?’

प्रश्न सरळ होता. तो नुसता निष्काळजीपणाचा मामला नाही, हे शिक्षिकेच्या लक्षात आले. मुलीच्या मनात एक नियम होता, तो ती प्रामाणिकपणे सगळीकडे लावत होती आणि चाचणीने त्या चुकीच्या नियमाला (आ) मध्ये पूर्ण गुण देऊन शाबासकीही दिली होती. उरलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्या तेव्हा हाच नियम इतर अनेकांनी वापरल्याचे दिसले. फरक इतकाच की त्यांनी कारण लिहिले नव्हते.

हा नियम आला कुठून

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण कारण नीट न शोधता उपाय केला असता तर तो फसला असता. दहावीच्या वर्गसमीकरणांत शाब्दिक उदाहरणे भरपूर असतात: वडिलांचे वय, आयताची लांबी, रेल्वेचा वेग. तेथे दोन मुळांपैकी ऋण मूळ ‘वय ऋण नसते’ किंवा ‘लांबी ऋण नसते’ असे लिहून सोडायचे असते आणि ते योग्यच असते. वर्षभराच्या सरावाने ही कृती हाताला बसते. पुढे अकरावीत ‘ऋण संख्येचा लॉग नसतो’ हे वाक्य कानावर पडते आणि आधीच्या सवयीशी ते इतके सहज जुळते की दोहोंचा मिळून ‘क्ष ऋण आला तर सोडा’ असा तिसराच नियम तयार होतो. मूळ वाक्यात अट आहे ती लॉगच्या कंसातील राशीवर. मुलांच्या नियमात ती क्ष वर जाऊन बसते.

शिक्षिकेने हा अंदाज पडताळण्यासाठी त्याच मुलीला आणखी एक समीकरण दिले, या वेळी पाया ३ घेऊन:

लॉग(१ − क्ष) + लॉग(−५ − क्ष) = ३

यातून (१ − क्ष)(−५ − क्ष) = २७, म्हणजे क्ष² + ४क्ष − ३२ = ० मिळते आणि मुळे येतात ४ आणि −८. तिने अपेक्षेप्रमाणे −८ सोडले आणि ४ ठेवले. मग शिक्षिकेने दोन्ही किमती मूळ समीकरणात ठेवायला सांगितल्या. क्ष = ४ घेतल्यास दोन्ही कंसांत −३ आणि −९ येतात; क्ष = −८ घेतल्यास ९ आणि ३ येतात, त्यांचे लॉग २ आणि १, आणि बेरीज ३. धन मूळ खोटे आणि ऋण मूळ खरे. मुलीने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, ‘मग चारच चुकीचं की!’ माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयोगी उदाहरण हेच होते, कारण चुकीचा नियम येथे योगायोगानेसुद्धा बरोबर उत्तर देऊ शकत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

विभागातील दोन शिक्षकांत, म्हणजे ही शिक्षिका आणि एक ज्येष्ठ शिक्षक यांच्यात, यावर बरीच चर्चा झाली. ज्येष्ठ शिक्षकांचे म्हणणे साधे होते: मिळालेले प्रत्येक मूळ दिलेल्या समीकरणात ठेवून पाहण्याचा पडताळा सक्तीचा करावा, त्याला वेगळे गुण ठेवावेत आणि प्रांत (क्ष च्या चालणाऱ्या किमतींचा संच) वगैरे चर्चेत मुलांना अडकवू नये. या मताला आधार आहे. पडताळ्याला नवे काही शिकावे लागत नाही आणि वरची तिन्ही समीकरणे केवळ पडताळ्याने निर्दोष सुटतात.

शिक्षिकेची हरकत अशी होती की पडताळा फक्त हातात आलेली मुळे तपासतो. त्यांनी फळ्यावर पाया २ घेऊन लॉग(क्ष − १)² = ४ हे समीकरण लिहिले. बहुतेक मुले येथे घातांक पुढे आणून २ लॉग(क्ष − १) = ४ असे लिहितात, त्यावरून क्ष − १ = ४ आणि क्ष = ५ मिळते, आणि पडताळाही बिनचूक जुळतो. पण (क्ष − १)² = १६ असे थेट सोडवले तर क्ष = −३ हेही मूळ निघते आणि तेही समीकरणात बसते. पडताळा ही चाळणी आहे. ती खडा बाजूला काढते, पण पोत्यातून आधीच सांडलेले धान्य परत आणत नाही.

मला शिक्षिकेचा हा मुद्दा निर्णायक वाटतो. लॉगच्या नियमांचा वापर दोन उलट दिशांना बिघडतो. लॉग क्ष + लॉग(क्ष − २) याचे लॉग[क्ष(क्ष − २)] करताना प्रांत, म्हणजे वर्गाच्या भाषेत डोमेन, वाढतो: डावीकडे क्ष हा २ पेक्षा मोठाच हवा, उजवीकडे क्ष ऋण असला तरी चालते, कारण −२ आणि −४ दोन्ही ऋण असले तरी त्यांचा गुणाकार ८ येतो. या वाढीव जागेतून खोटे मूळ आत शिरते. उलट लॉग(क्ष − १)² याचे २ लॉग(क्ष − १) करताना प्रांत आकुंचन पावतो आणि खरे मूळ बाहेर राहते. तेथे २ लॉग|क्ष − १| असे केवलमूल्य (चिन्ह सोडून उरणारी किंमत) घेऊन लिहिले तरच पायरी बरोबर ठरते. पुस्तकात नियम देताना ‘राशी धन असताना’ अशी अट असतेच, परंतु नियम पाठ होताना ती अट मागे पडते.

आलेखाचा पर्यायही समोर होता. लॉग(क्ष² − २क्ष) चा आलेख काढला तर त्याच्या दोन शाखा दिसतात, एक ० च्या डावीकडे आणि दुसरी २ च्या उजवीकडे, आणि ३ उंचीची आडवी रेषा दोन्ही शाखांना −२ आणि ४ येथे छेदते. लॉग क्ष + लॉग(क्ष − २) चा आलेख काढला तर डावी शाखा नसतेच. हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. मात्र प्रत्येक समीकरणासाठी आलेख काढणे परीक्षेत शक्य नसल्यामुळे हा पर्याय सोडवण्याच्या पद्धतीऐवजी समजावण्याचे साधन म्हणून राखून ठेवण्यात आला.

चौथा पर्याय मुलांनीच बाहेरच्या शिकवणीतून आणला होता: बहुपर्यायी प्रश्नात दिलेले पर्याय समीकरणात ठेवून पाहायचे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे ही युक्ती तेथे खरोखर कामी येते. शिवाय पर्यायांतच −३ छापलेले असेल तर हरवलेले मूळही सापडते. तिच्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही, पण उत्तर स्वतः शोधायचे असेल तेथे तिचा उपयोग शून्य.

घेतलेला निर्णय आणि केलेली कृती

अखेरीस दोन गोष्टी ठरल्या. समीकरण हातात घेताच, नियमाला हात लावण्यापूर्वी, प्रत्येक लॉगच्या कंसातील राशी धन असण्याची अट सोडवून क्ष ची परवानगी असलेली किंमत पहिल्या ओळीत लिहायची. दुसरे म्हणजे काही दिवसांसाठी वहीच्या पानावर उभी रेघ ओढून डावीकडे पायरी आणि उजवीकडे त्या पायरीने प्रांताचे काय झाले, ‘तोच’, ‘वाढला’ किंवा ‘घटला’, याची नोंद करायची. ‘वाढला’ आल्यास शेवटी पहिल्या ओळीशी ताडून पाहायचे. ‘घटला’ आल्यास ती पायरी खोडून दुसरी वाट शोधायची. ज्येष्ठ शिक्षकांचा पडताळाही सोडला नाही. तो आकडेमोडीतील चुका पकडण्यासाठी ठेवला गेला, ज्यासाठी तो उत्तमच आहे.

विद्यार्थिनीच्या वहीत या काळातील एक पान मी पाहिले. उदाहरण होते (लॉग क्ष)² = ३ लॉग क्ष, पाया १०. तिने आधी दोन्ही बाजूंना लॉग क्ष ने भागून लॉग क्ष = ३ लिहिले होते, उजव्या रकान्यात ‘घटला?’ असे प्रश्नचिन्ह टाकले होते आणि त्याखाली ‘लॉग क्ष = ० असेल तर भागता येत नाही’ असे लिहून सगळे खोडले होते. पुढे सामाईक अवयव काढून क्ष = १ आणि क्ष = १००० अशी दोन्ही मुळे मिळवली होती. काटेकोरपणे पाहता येथे लॉगचा प्रांत घटत नाही, शून्याने भागण्याचा धोका आहे. पण पायरी उलट दिशेने चालवता येते का, हा प्रश्न तिला स्वतःहून पडला होता, आणि रकान्याचा हेतू तोच होता.

पाया अज्ञात असलेली समीकरणे याच चौकटीत सहज बसली. पाया क्ष असताना (क्ष + ६) चा लॉग २ दिला असेल तर क्ष² − क्ष − ६ = ० वरून ३ आणि −२ मिळतात. येथे −२ सुटते, पण कारण वेगळे: कंसात ४ येतात, जे चालतात, पाया मात्र धन आणि १ पेक्षा वेगळा असावा लागतो.

घातांकीय समीकरणांकडे वळताना

खरी कसोटी पुढच्या भागात लागली. ४^क्ष − ३·२^क्ष − ४ = ० या समीकरणात (^ ही घातांकाची खूण) य = २^क्ष घेतल्यास य² − ३य − ४ = ० मिळते आणि य = ४ किंवा −१. वास्तव क्ष साठी २^क्ष नेहमी धनच असल्यामुळे −१ सुटते आणि क्ष = २ उरते. हे सर्वांना जमले. पुढचे समीकरण होते २·४^क्ष − ५·२^क्ष + २ = ०. त्यातून य = २ किंवा १/२, म्हणून क्ष = १ किंवा −१. येथे क्ष = −१ ठेवायचे की नाही यावर वर्गात दोन तट पडले. ठेवायचेच, कारण घातांकावर कोणतीही अट नाही. अट आहे ती य वर. विद्यार्थिनीने हे बरोबर सोडवले आणि कारणही लिहिले.

मात्र तिसऱ्या उदाहरणात ती अडखळली. पाया १० घेऊन क्ष^(लॉग क्ष) = १००क्ष हे समीकरण दिले होते. दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन य = लॉग क्ष लिहिल्यास य² = २ + य, म्हणजे य = २ किंवा −१. तिने मागच्या सवयीने −१ सोडून फक्त क्ष = १०० लिहिले. पण येथे य म्हणजे लॉग आहे, आणि लॉग ऋण असू शकतो; क्ष = १/१० घेतल्यास डावीकडे (१/१०)^(−१) = १० आणि उजवीकडे १०० × १/१० = १०. म्हणजे लॉगच्या आत ऋण संख्या चालत नाही, पण लॉगची किंमत ऋण चालते. घातांकात ऋण संख्या चालते, पण घाताची किंमत ऋण येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच नात्याच्या दोन बाजू आहेत, आणि तोपर्यंत वर्गात त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे नियम म्हणून सांगितल्या गेल्या होत्या.

शिक्षिकेने त्यानंतर व्यवहारातील एक उदाहरण घेतले: पतसंस्थेत द.सा.द.शे. ८ चक्रवाढ व्याजाने ठेव ठेवल्यास ती दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील. १.०८^न = २ वरून न = लॉग २ ÷ लॉग १.०८, म्हणजे सुमारे ०.३०१० ÷ ०.०३३४, सुमारे ९ वर्षे. काही मुलांनी येथे लॉग २ ÷ लॉग १.०८ ऐवजी लॉग(२ ÷ १.०८) काढले आणि त्यांना उत्तर पाव वर्षाहून थोडे अधिक आले. तीन-साडेतीन महिन्यांत ठेव दुप्पट होत असेल तर संस्थेची चौकशीच करायला हवी, हा शेरा मुलांना जास्त लक्षात राहिला. बारकाईने काढल्यास १.०८^९ = १.९९९० येते, म्हणून व्याज वर्षाअखेरीसच जमा होत असेल तर नवव्या वर्षी ठेव दुपटीला किंचित कमी पडते आणि दहाव्या वर्षाची वाट पाहावी लागते. समीकरणाने न वर पूर्णांक असण्याची अट घातलेली नाही. ती प्रसंगाने घातली आहे. दहावीतील ‘वय ऋण नसते’ ही अटही याच जातीची, हे येथे मुलांना उलगडून सांगता आले, आणि जुनी सवय मोडून न काढता तिला तिची जागा दाखवता आली.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत विद्यार्थिनीने लॉगची सर्व समीकरणे अटींसह बरोबर सोडवली. वर्गाचे चित्र संमिश्र राहिले. खोटी मुळे ठेवण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. हरवलेल्या मुळांची चूक मात्र लॉग(क्ष − १)² सारख्या रूपात पुन्हा दिसत राहिली, कारण घातांक पुढे आणण्याचा नियम मुलांना फार आवडतो. काहींनी अटीची ओळ यांत्रिकपणे लिहिली आणि शेवटी तिच्याकडे पाहिलेच नाही. वेळेची तक्रारही आली, आणि ती खरी होती. तिच्यावर तोडगा म्हणून उभ्या रेघेचा रकाना सरावापुरताच ठेवून परीक्षेत फक्त पहिली ओळ लिहायची, असे ठरले.

वेगळे काय करता आले असते

सर्वप्रथम क्रम. व्याख्येनंतर लगेच नियम देण्याऐवजी लॉग आणि घात यांचे आलेख एकाच कागदावर काढून एकाचा प्रांत म्हणजे दुसऱ्याचा विस्तार (मिळणाऱ्या किमतींचा संच) हे आधी दाखवले असते, तर क्ष^(लॉग क्ष) मधला गोंधळ बहुधा टळला असता. दुसरे, −८ खरे आणि ४ खोटे ठरवणारे उदाहरण चुकीनंतरचा उपचार म्हणून न येता पहिल्याच तासाला यायला हवे होते.

तिसरी गोष्ट गुणदानाची, आणि तिच्यावर दोन्ही शिक्षकांचे अजूनही एकमत नाही. (आ) सारख्या प्रश्नात ‘ऋण, म्हणून अग्राह्य’ असे कारण लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत का? ज्येष्ठ शिक्षकांच्या मते उत्तर बरोबर असेल तर विद्यार्थ्याचे गुण कापणे अन्यायाचे आहे, कारण कारण न लिहिणारा त्याच चुकीसह सुटतो आणि प्रामाणिकपणे लिहिणारा पकडला जातो. शिक्षिकेच्या मते प्रश्नातच ‘सोडलेल्या मुळाचे कारण लिहा’ अशी सूचना द्यावी आणि एक गुण त्यासाठी राखावा, म्हणजे दोघांनाही एकच न्याय लागेल. मला दुसरा मार्ग पटतो. तूर्त त्या तुकडीच्या घटक चाचण्यांत ही सूचना छापली जाते, आणि ज्येष्ठ शिक्षक आपल्या तुकडीत पडताळ्यालाच गुण देतात.